नंबर नको, वर्णन लिहा : खांदा आणि दंड मोडलेल्या रुग्णांच्या चिठ्ठीविषयी खुले पत्र

प्रति,
जिल्हा शल्यचिकित्सक, धुळे, जळगाव आणि नंदुरबार,
तसेच तिन्ही जिल्ह्यांतील उपजिल्हा व ग्रामीण रुग्णालयांचे वैद्यकीय अधिकारी

सप्रेम नमस्कार.

धडगावहून चांदसैली घाट उतरून किंवा रावेर-यावलच्या केळीपट्ट्यातून निघून दंड मोडलेला रुग्ण जिल्ह्याच्या ठिकाणी पोहोचतो, तेव्हा त्याच्यासोबत बहुतेक वेळा एक चिठ्ठी असते. तिच्यावर तीन शब्द : ‘फ्रॅक्चर ह्युमरस, रेफर’, म्हणजे दंडाचे हाड मोडले, पुढे पाठवले. हाड मोडले आहे हे लोंबकळत्या हाताकडे पाहून बसस्टँडवरचा माणूसही सांगेल. ऑपरेशन करायचे की नाही, केले तर कोणते, आज रात्री की चार दिवसांनी, हे ठरवायला जे लागते ते चिठ्ठीत नसते. त्यातले काही जिल्ह्याला पुन्हा तपासून मिळते, पण काही कधीच मिळत नाही. जे कधीच मिळत नाही, तेच या पत्राचे कारण.

आधी एक गैरसमज दूर करतो. वर्गीकरणाचा नंबर आम्ही मागत नाही. फ्रॅक्चरच्या ‘एओ’ या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात दंडाच्या हाडाच्या वरच्या टोकाला ११, दांड्याला १२ आणि कोपराकडच्या टोकाला १३ हा आकडा आहे; पुढे अ, ब, क आणि त्यांचे पोटप्रकार. खांद्याकडच्या टोकासाठी सर्वांच्या तोंडी असते ते अमेरिकी सर्जन नीअर यांचे १९७० चे वर्गीकरण. त्यांच्याआधी कॉडमन या सर्जनांनी १९३४ मध्ये दाखवून दिले होते की हे टोक चार ठरावीक तुकड्यांत मोडते : गोल डोके, बाहेरचा मोठा उंचवटा, पुढचा छोटा उंचवटा आणि दांडा. नीअर यांनी त्याला माप जोडले. तुकडा एक सेंटिमीटरहून अधिक सरकला किंवा ४५ अंशांहून अधिक वळला, तरच तो वेगळा ‘पार्ट’.

नेमकी इथेच गल्लत होते. एक्स-रेमध्ये रेघा चार दिसल्या म्हणून चिठ्ठीवर ‘फोर पार्ट’ लिहिले जाते. रेघा मोजायच्याच नाहीत, सरकलेले तुकडे मोजायचे. चार रेघा असूनही काहीच सरकले नसेल तर नीअरच्या हिशेबात ते ‘वन पार्ट’ आणि त्याला बहुधा झोळी पुरते. ‘फोर पार्ट’ ऐकून घाबरलेले घर मात्र तोवर ऑपरेशनच्या पैशांच्या मागे लागलेले असते. शिवाय हे वर्गीकरण तज्ज्ञांनाही दगा देते. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत असे दिसले की एकाच फिल्मवर अनुभवी सर्जनांचे एकमत होत नाही, आणि काही महिन्यांनी तीच फिल्म दाखवली तर तोच सर्जन कधी कधी वेगळे उत्तर देतो. जिथे आमचेच हे हाल, तिथे रात्री दोन वाजता एकट्याने ओपीडी सांभाळणाऱ्या वैद्यकीय अधिकाऱ्याकडून नंबराची अपेक्षा करणे चूक आहे. पाहिले ते साध्या शब्दांत लिहावे, इतकेच पुरे.

एक अपवाद लक्षात असू द्या. मोठा उंचवटा एकटाच मोडला असेल तर एक सेंटिमीटरची वाट पाहू नये. तो पाच मिलिमीटर वर-मागे सरकला तरी हात वर करताना वरच्या हाडाला अडतो. ज्याला डोक्यावर केळीचा घड किंवा चाऱ्याचा भारा उचलायचा आहे त्याच्यासाठी ही अडचण छोटी नाही.

आता फिल्मविषयी. खांद्याची एकच समोरून काढलेली फिल्म म्हणजे अर्धी तपासणी. छाती एक्स-रेच्या कॅसेटला समांतर ठेवली की सांधा तिरका दिसतो आणि डोके खोबणीवर चढलेले भासते. रुग्णाला दुखऱ्या बाजूकडे ३० ते ४५ अंश वळवून फरा (खांद्यामागचे सपाट हाड) कॅसेटला सपाट टेकवला तर सांध्यातली फट उघडी दिसते. दुसरी फिल्म काखेतून. ‘दुखते म्हणून हात उचलत नाही’ हे कारण नेहमी ऐकू येते, पण हात झोळीत ठेवूनही ती निघते. रुग्णाने टेबलाकडे पाठ करून उभे राहायचे, कॅसेट त्याच्या मागे टेबलावर ठेवायची, त्याला २० ते ३० अंश मागे झुकवायचे आणि ट्यूब वरून सरळ खाली रोखायची. टेक्निशियनने एकदा करून पाहिले की पुढे सांगावे लागत नाही.

या दुसऱ्या फिल्मचा आग्रह आपल्या भागात जास्त हवा, आणि त्याचे कारण शेतात आहे. खांदा बहुतेक वेळा पुढे निखळतो, आणि तो चटकन ओळखू येतो. मागे निखळण्याची दोन ठरलेली कारणे म्हणजे फिट आणि विजेचा धक्का. ओल्या हाताने विहिरीवरच्या मोटारीची पेटी उघडताना शॉक बसतो, दंड आत वळवणारे बलवान स्नायू एकदम आवळतात आणि डोके खोबणीच्या मागे जाऊन अडकते. समोरच्या फिल्ममध्ये सांधा जवळपास जागेवर दिसतो. फार तर डोके विजेच्या बल्बसारखे गोलसर वाटते. मग चिठ्ठीवर ‘मुका मार’ येते, गोळ्या आणि शेक मिळतो, दोन महिन्यांनी त्याचेच नाव ‘फ्रोझन शोल्डर’ होते. तपासणी मात्र अर्ध्या मिनिटाची आहे. कोपर अंगाला लावून हात बाहेर वळवायला सांगा. मागे निखळलेला खांदा अजिबात बाहेर वळत नाही, तिथल्या तिथे अडतो. उशीर झाला की खोबणीची कड डोक्यात खड्डा पाडत जाते. खड्डा लहान असेल तर जवळचा स्नायू-उंचवटा त्यात बसवून भागते. डोके निम्म्याच्या आसपास चेपले असेल तर सांधा बदलण्यापर्यंत वेळ येते.

खांदा बसवण्याआधी फिल्म, बसवल्यावर फिल्म. साठीच्या पुढच्या बाईचा निखळलेला खांदा फिल्म न काढता पाय काखेत लावून ओढला, तर दंडाच्या हाडाच्या मानेशी (डोक्याखाली) असलेले न सरकलेले फ्रॅक्चर ओढणाऱ्याच्या हातून सरकते. आणि तीन आठवड्यांहून जुना निखळलेला खांदा तालुक्याला कुणीही ओढू नये. काखेतली मोठी रक्तवाहिनी तोवर चिकटलेली असते, ती फाटू शकते.

चिठ्ठीतल्या ज्या ओळी आम्हांला सर्वांत मोलाच्या वाटतात, त्या नसांच्या आहेत. दंडाच्या दांड्यामागून रेडिअल नस हाडाला लगटून वळसा घालते. दांड्याच्या फ्रॅक्चरमध्ये आठ-नवांतल्या एकाची ही नस मार खाते आणि मनगट लुळे पडते. खालच्या तिसऱ्या भागातले पीळदार फ्रॅक्चर यासाठी बदनाम आहे. १९६३ पासून ते होल्स्टीन आणि लुईस यांच्या नावाने ओळखले जाते. जखम नसेल आणि नस पहिल्या क्षणापासून गेलेली असेल, तर घाई नसते. दहांतल्या आठ-नऊ जणांची नस आपोआप परत येते, साधारण दिवसाला एक मिलिमीटर या वेगाने. मनगटाला आधाराची पट्टी देऊन तीन-चार महिने थांबता येते. पण मनगट आधी उचलत होते आणि हाड ओढल्यावर किंवा स्लॅब (प्लास्टरची पट्टी) घातल्यावर पडले, तर नस तुकड्यांत अडकल्याची शंका येते आणि विचार पार बदलतो. या दोन परिस्थितींतला फरक फक्त ज्याने रुग्णाला पहिल्यांदा पाहिले तोच सांगू शकतो. जिल्ह्याला पोहोचल्यावर दोन्ही रुग्ण सारखेच दिसतात.

तपासताना ‘बोटे सरळ करा’ एवढेच सांगू नये. रेडिअल नस गेलेली असली तरी तळहातातले छोटे स्नायू बोटांची पुढची पेरे सरळ करून दाखवतात, आणि पाहणाऱ्याला सगळे ठीक वाटते. मनगट वर उचलायला सांगा आणि अंगठा मागे न्यायला सांगा. खांद्याच्या फ्रॅक्चरमध्ये ॲक्सिलरी नस पाहायची, म्हणजे खांद्यावरच्या डेल्टॉइड स्नायूची नस. खांद्याच्या बाहेरच्या बाजूला बधिरता आहे का, हे सर्वांना ठाऊक असते, पण तिथली जाणीव शाबूत असूनही नस दुखावलेली असू शकते. म्हणून दंडावर बोटे ठेवून रुग्णाला कोपर किंचित बाहेर ढकलायला सांगावे. हात हलला नाही तरी चालेल, स्नायू बोटांखाली कडक होतो का तेवढे पाहायचे. उतारवयात कधी कधी रिव्हर्स पद्धतीचा (गोळा आणि खोबणी यांची अदलाबदल केलेला) कृत्रिम सांधा बसवावा लागतो, आणि तो सगळा या एका डेल्टॉइड स्नायूच्या जोरावर चालतो. त्यामुळे ही ओळ कोणते ऑपरेशन होईल तेही ठरवते.

नाडी दोन्ही मनगटांवर तपासून तुलना लिहावी. हात गरम आहे म्हणून रक्तवाहिनी सुरक्षित, असे नाही. खांद्याभोवतीच्या आडवाटांनी बराच वेळ रक्त पोहोचत राहते. म्हाताऱ्या माणसाच्या दंडाच्या हाडाचा दांडा काखेकडे सरकलेला दिसला तर ही तपासणी वाटेत पुन्हा व्हायला हवी. १०८ च्या गाडीतल्या डॉक्टरांनीही ती करून वेळ लिहावी.

प्रवासासाठी दंडाला यू स्लॅब घालावा. तो काखेतून सुरू होऊन कोपराखालून वळसा घेतो आणि बाहेरच्या बाजूने खांद्यावर, मानेच्या मुळापर्यंत जातो. दहा-बारा थर पुरतात. सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे स्लॅबची वरची कड फ्रॅक्चरच्याच पातळीवर संपवणे. असा स्लॅब आधार देत नाही, उलट खालचा तुकडा वजनाने ओढतो आणि कड तरफेसारखी टेकून वाकडेपणा वाढवते. दुसरी चूक झोळीची. दांड्याच्या फ्रॅक्चरला कोपर खालून उचलून धरणारी रुंद झोळी नको. मनगट गळ्यात अडकवावे आणि कोपर मोकळे सोडावे, म्हणजे हाताच्याच वजनाने हाड रेषेत येते. खांद्याजवळच्या फ्रॅक्चरला मात्र साधी झोळी चालते. एप्रिल-मेच्या उन्हात काखेत कापसाचे दोन-तीन थर जास्त द्यावेत, आत बनियनच्या कापडाची बाही घालावी आणि पावडर टाळावी; घामात तिचा गोळा होऊन कातडी सोलते. सूज चढण्याआधी अंगठ्या, बांगड्या आणि दंडातल्या वाक्या काढून नातेवाइकांच्या हाती द्याव्यात. नंतर त्या कापाव्या लागतात, आणि चांदीच्या वाक्या कापताना घरातली म्हातारी माणसे हाडापेक्षा जास्त हळहळतात, तेही चुकीचे नाही.

‘जिल्ह्याला गेल्यावर ऑपरेशन करावेच लागेल’ हे वाक्य तालुक्यात बोलू नये, अशी आमची कळकळीची विनंती आहे. दांड्याची पुष्कळ बंद फ्रॅक्चर ऑपरेशनशिवाय जुळतात. सार्मिएंटो यांनी १९७७ मध्ये मांडलेली पद्धत आजही उपयोगी आहे : पहिले सात ते दहा दिवस स्लॅब, सूज उतरली की प्लास्टिकच्या दोन कवचांचा ब्रेस, तो रोज घट्ट करायचा, कोपर पहिल्यापासून हलते ठेवायचे, एकूण आठ ते बारा आठवडे. हाड आरशासारखे सरळ जुळायची गरज नसते. पुढे-मागे २० अंश, बाजूला ३० अंश आणि तीन सेंटिमीटर आखूडपणा दंड बिनतक्रार पचवतो, कारण खांदा सर्व बाजूंना फिरून ती कसर भरून काढतो. पहिले दोन-तीन आठवडे बसून, पाठीला उशा लावून झोपावे लागते. हे आधी सांगितले नाही तर रुग्ण आडवा झोपतो, हाड वाकते आणि दोष ब्रेसवर येतो. असा ब्रेस तीन मापांत प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात ठेवावा, ही जिल्हा शल्यचिकित्सकांकडे स्वतंत्र मागणी आहे.

खांद्याकडच्या टोकाचेही तसेच. ब्रिटनमधल्या ३२ रुग्णालयांतल्या २५० रुग्णांच्या तुलनेचा अहवाल २०१५ मध्ये आला. सरकलेल्या फ्रॅक्चरमध्येही ऑपरेशन केलेले आणि न केलेले यांच्यात दोन वर्षांअखेर रुग्णांनी सांगितलेल्या हालचाल-दुखण्यात लक्षणीय फरक निघाला नाही. याचा अर्थ ऑपरेशन कुणालाच नको असा नाही. निखळलेल्या खांद्यासोबतचे फ्रॅक्चर आणि डोके फुटलेले फ्रॅक्चर त्या तुलनेत धरलेच नव्हते. पण घसरून पडलेल्या सत्तरीच्या आजींना झोळी, दुसऱ्या आठवड्यापासून वाकून हात लोलकासारखा झुलवण्याचा व्यायाम आणि हाडांच्या ठिसूळपणाचे औषध, एवढे बहुधा पुरते. सहा आठवडे हात बांधून ठेवला तर हाड जुळते आणि खांदा आखडतो, मग त्यांना पदर घेता येत नाही की वेणी घालता येत नाही.

प्लेट टाकायची तेव्हा काय बिघडते तेही सांगितले पाहिजे, म्हणजे पाठवणाऱ्याला घाईची आणि थांबण्याची जागा कळेल. लॉकिंग प्लेट (जिच्यात स्क्रूची डोकी आट्यांनी पक्की बसतात ती) मोठ्या उंचवट्याच्या टोकाखाली पाच ते आठ मिलिमीटरवर बसते. वर गेली तर हात उचलताना वरच्या हाडाला ठोकते. ठिसूळ डोक्यातले स्क्रू सांध्याच्या पृष्ठभागाआधी पाच मिलिमीटर थांबवावे लागतात. डोक्याच्या आतल्या-खालच्या कडेला आधार मिळाला नाही तर डोके आत झुकते आणि तेच स्क्रू सांध्यात घुसून खोबणी खरवडतात. म्हणून त्या कडेला टेकू देणारे स्क्रू आणि उंचवट्यांच्या स्नायूंतून ओवून प्लेटला बांधलेले पक्के टाके, दोन्ही लागतात. डोक्याचा रक्तपुरवठा टिकेल का याचा अंदाज हर्टेल यांच्या २००४ च्या मोजमापांवरून बांधता येतो : डोक्याला जोडलेली खालची कड आठ मिलिमीटरहून कमी उरली किंवा आतली बिजागरी दोन मिलिमीटरहून अधिक सरकली, तर धोका जास्त. ही मोजमापे सीटी स्कॅनवर नीट दिसतात, आणि स्कॅनसाठी रुग्ण पहिल्या दोन-चार दिवसांत पोहोचावा लागतो. आठ-दहा दिवसांत ऑपरेशन झाले तर तुकडे सुटे असतात. तीन आठवड्यांनी ते चुकीच्या जागी चिकटलेले असतात आणि खरवडून सोडवताना उरलेला रक्तपुरवठाही जातो.

हासळीच्या हाडाविषयी (कॉलर बोन) थोडक्यात. ते बहुतेक वेळा मधल्या तिसऱ्या भागात मोडते आणि साध्या झोळीत जुळते. आठच्या आकाराचा पट्टा झोळीपेक्षा चांगले काही देत नाही. तो करकचून आवळला की काखेत रुततो आणि हातांना मुंग्या येतात. टोके दोन सेंटिमीटर एकमेकांवर चढली, आतून टोचून कातडी पांढरी पडली किंवा जखम असली तर मात्र पाठवा. खांद्याकडच्या टोकाचे, हाड धरून ठेवणारे बंध (लिगामेंट) तुटलेले फ्रॅक्चर न जुळण्याकडे झुकते, तेही पाठवा. फरा मोडलेला दिसला तर आधी छाती तपासा. फरा सहजासहजी मोडत नाही, महामार्गावरच्या धडकेत तो मोडला तर आतल्या बरगड्या आणि फुप्फुसही शाबूत नसण्याचा संभव असतो.

जखम उघडी असेल तर तिची ग्रेड कॅज्युअल्टीत ठरवू नका, ती ऑपरेशन थिएटरमध्ये जखम धुतल्यावर ठरते. उघड्या फ्रॅक्चरच्या गुस्तिलो-अँडरसन वर्गीकरणात एक सेंटिमीटरच्या आतली जखम पहिल्या प्रकारात जाते खरी, पण मळणीयंत्रात सापडलेला किंवा शेणामातीत लोळलेला हात जखम नखाएवढी असली तरी तिसऱ्या प्रकारातला धरायचा. आपल्याकडच्या शेतातल्या बहुतेक जखमा याच रांगेतल्या. पहिल्या तासात शिरेतून अँटिबायोटिक, धनुर्वाताचे इंजेक्शन, जखमेचा एक स्पष्ट फोटो, सलाइनमध्ये भिजवलेले ड्रेसिंग; आणि त्यानंतर वाटेत कुणीही पट्टी उघडून ‘बघू’ नये.

मुलांच्या कोपरावरच्या फ्रॅक्चरबद्दल एकच गोष्ट, पण ती आशाताईंपर्यंत जायला हवी. चिंचेवरून पडलेल्या पोराचा हात हाडवैद्याने कामट्या आणि लेप लावून आवळला असेल, तर सगळे थर कातडीपर्यंत कापून मोकळे करा. वरची एक पट्टी सैल करून भागत नाही. नाडी लागते म्हणून निर्धास्त राहू नये. बोटे हलकेच सरळ करताना मूल किंचाळले तर स्नायू गुदमरत आहेत असे समजावे. तिथे तासांचा हिशेब असतो.

आता आम्हांला हवी ती चिठ्ठी. नमुना असा : ‘उजवा दंड, मधला तिसरा भाग, तिरके फ्रॅक्चर, टोके अंदाजे एक सेंटिमीटर सरकलेली. दुपारी १२ वाजता मोटरसायकलवरून पडला. जखम नाही. मनगट उचलते, अंगठा मागे जातो. नाडी दोन्ही बाजूंना सारखी. यू स्लॅब १.४० ला, त्यानंतरही मनगट उचलते. शेवटचे खाणे सकाळी ११.’ लिहायला दोन मिनिटे लागतात. सोबत मूळ फिल्म द्यावी. मोबाइलवर पाठवायचीच असेल तर फिल्म व्ह्यू बॉक्सवर लावून, फ्लॅश बंद करून, नाव आणि बाजूची खूण दिसेल अशी पूर्ण टिपावी. खिडकीत धरलेल्या फिल्ममध्ये बाहेरचे झाडच जास्त दिसते.

आमच्या बाजूची उधारीही मान्य आहे. परत पाठवताना आम्ही डिस्चार्ज कार्डावर ‘प्लेटिंग केले’ एवढेच लिहितो, ते थांबवू. कोणती प्लेट, किती छिद्रांची, आणि मागून चीर दिली असेल तर रेडिअल नस प्लेटच्या कितव्या छिद्रावरून जाते, हे मराठीत लिहू. पुढे कधी प्लेट काढायची वेळ आली तर ती नस वाचवायला याच ओळीचा आधार असतो. हासळीच्या टोकाला हुकाची प्लेट टाकली तर ती तीन-चार महिन्यांत काढावी लागते, नाहीतर हुक वरच्या हाडात रुतत जातो. अक्राणी-अक्कलकुव्याचा माणूस दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत गेलेला असतो आणि होळीला गावी येतो. त्याला फेब्रुवारीची तारीख देण्यात अर्थ नाही. कार्डावर आम्ही ‘होळीच्या आठवड्यात’ असे लिहू. आपण त्या आठवड्यात प्राथमिक आरोग्य केंद्रातून त्याच्या पाड्यावर निरोप धाडावा.

आपले,
खान्देशातील अस्थिशल्यचिकित्सक